वेग आठ आणे, वीज दोन आणे

स्विमिंग पूलचं पाणी फिरवणारा एक पंप पूर्ण वेगानं चालताना १८०० वॅट वीज खातो. त्याचा वेग बरोबर निम्मा केला, तर तो किती खाईल? बहुतेक जण झटकन ९०० म्हणतात. एखादा सावध माणूस थोडं थांबून सहा-सातशेवर येतो. पाण्याचं स्वतःचं उत्तर आहे २२५. वेग आठ आणे केला की वीज दोन आण्यांवर येते.

हा कुण्या विक्रेत्याचा दावा नाही. फिरत्या पात्यांच्या प्रत्येक पंपाला लागू असलेला हा नियम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात आणि परीक्षेनंतर तो बहुधा विसरतो. पण अमेरिकेत हाच नियम लाखो घरांच्या मागच्या अंगणात रोज चालू असतो. फ्लोरिडा, ॲरिझोना, टेक्सस, कॅलिफोर्निया इथल्या घरांत वातानुकूलनाच्या खालोखाल वीज खाणारं यंत्र बऱ्याचदा पूलचा पंपच असतो. पाणी गाळलं जावं, क्लोरीन सगळीकडे पोहोचावं, शेवाळ धरू नये म्हणून तो रोज कित्येक तास चालवावा लागतो. फिनिक्स किंवा ह्यूस्टनला पूल असलेलं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: जुना पंप बंद पडला, आता दोन वेगांचा बसवावा की हवा तो वेग देणारा?

या प्रश्नाचं उत्तर किमतीच्या तक्त्यात शोधण्याआधी पाण्याचं वागणं बघावं, कारण ते विलक्षण आहे.

आठाचा आकडा येतो कुठून

पाइपातून पाणी दुप्पट वेगानं ढकलायचं ठरवलं, तर विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाइपाच्या भिंतींशी, वळणांशी, फिल्टरच्या वाळूशी दर सेकंदाला दुप्पट पाणी झगडतं आणि त्यातला प्रत्येक थेंब दुप्पट वेगानं झगडतो. दोन गुणिले दोन, चार. म्हणजे दाब चौपट लागतो. आता पंपाचं काम म्हणजे काय? इतक्या दाबानं इतकं पाणी ढकलणं. दाब चौपट, पाणी दुप्पट, गुणाकार आठ. उलट दिशेनं निघालात तर वेग निम्मा, पाणी निम्मं, दाब पाव आणि ताकद एक अष्टमांश. शाळेत शिकलेला घन इथे विजेच्या बिलात उतरतो.

याहून नवलाची गोष्ट पंपाच्या पोटात घडते. तिथे इंपेलर नावाचं पात्यांचं चाक असतं. ते पाणी मधोमध घेतं आणि कडेला भिरकावतं. भिरकावलेल्या पाण्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून चाकाचा वेग निम्मा झाला की पंप निर्माण करू शकतो तो दाब पाववर येतो. तिकडे पाइपाची मागणीही नेमकी पाववर आलेली असते. एक नियम फिरत्या चाकाचा, दुसरा घर्षणाचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघंही वर्गाच्याच नियमानं वागतात, आणि म्हणून वेग उतरत असताना पंप आणि पाइप यांची जोडी सुटत नाही. पंप ज्या कार्यक्षमतेनं पूर्ण वेगात चालत होता, जवळपास तिनंच अर्ध्या वेगातही चालतो.

आता हिशोबात एक गोष्ट मिळवावी लागते. पाणी निम्म्या वेगानं वाहतं, म्हणजे तेवढंच पाणी फिरवायला वेळ दुप्पट लागतो. दोन आण्यांची दुप्पट चार आणे. तेवढंच काम, फक्त सावकाश केलं, तर पूर्वीच्या रुपयाऐवजी चार आण्यांत होतं. बाकीचे बारा आणे कुठे जात होते? घाईत. पाण्याला विनाकारण पळवल्यानं झालेल्या घर्षणात ते उष्णता होऊन विरत होते.

जे पाणी कुठेच जात नाही

मग आपल्या सोसायटीच्या पंपाला हीच युक्ती का लागू करू नये? वेग निम्मा करावा आणि बारा आणे वाचवावेत!

तिथे मात्र हा नियम एका भिंतीशी येऊन अडतो. सोसायटीचा पंप तळटाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. समजा, तो पंप पूर्ण वेगात जास्तीत जास्त ४० मीटर उंचीपर्यंत पाणी नेऊ शकतो आणि गच्चीवरची टाकी २५ मीटरवर आहे. वेग निम्मा केला की दाब पाव होतो. आता पंपाची झेप फक्त १० मीटर. पाणी तिसऱ्या मजल्याच्या आसपास पाइपात उभं राहील आणि टाकीत एक थेंबही पडणार नाही. मोटर फिरतेय, वीज जातेय, काम शून्य. महाराष्ट्रात सौर कृषिपंप बसवलेल्या शेतकऱ्याला हे अनुभवानं माहीत असतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात मोटर हळूहळू फिरू लागते, पण पाणी येत नाही. ऊन चढतं, वेग एका मर्यादेपलीकडे जातो, तेव्हा कुठे पाइपाच्या तोंडाशी धार दिसते. उंची वेगाशी घासाघीस करत नाही.

स्विमिंग पूलमध्ये ही उंचीच नाही. पाणी पूलमधून निघतं, पंपातून, फिल्टरमधून जातं आणि त्याच पूलमध्ये, त्याच पातळीला परत येतं. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा थोडा वर बसवला असला तरी जेवढं पाणी चढलं तेवढंच उतरतं. दोन्ही बाजू एकमेकांना फेडतात. उरतं ते निव्वळ घर्षण, आणि घर्षण वेगाच्या वर्गाचा नियम जवळजवळ तंतोतंत पाळतं. पुस्तकातला घनाचा नियम प्रत्यक्षात इतक्या शुद्ध रूपात भेटेल अशा जागा फार नाहीत. मागच्या अंगणातला पूल ही त्यांतली एक.

दोनच वेग का?

आता पंप फिरवणाऱ्या मोटरकडे येऊ. निकोला टेस्लाला १८८८ साली जिचं पेटंट मिळालं त्या घराण्यातली ही इंडक्शन मोटर. हिच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती वीज सोडली की एक चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं आणि मधला रोटर त्याच्या मागे ओढला जातो. क्षेत्र किती वेगानं फिरणार हे दोनच गोष्टी ठरवतात: विजेची वारंवारता आणि वेटोळ्यांनी बनवलेले चुंबकीय ध्रुव. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. दोन ध्रुव असतील तर क्षेत्र मिनिटाला ३६०० फेरे घेतं, चार असतील तर १८००. रोटर त्या क्षेत्राच्या किंचित मागे राहतो, कारण मागे राहिला नाही तर त्याला ओढणारं बलच उरत नाही. म्हणून पंपावरच्या पट्टीवर ३४५० आणि १७२५ असे आकडे दिसतात. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून इथल्या मोटरींवर २८८० किंवा १४४० अशा जातीचे आकडे असतात.

ध्रुव जोडीनंच येतात. दोन, चार, सहा. तीन ध्रुवांची मोटर होत नाही. म्हणून ३४५० च्या खालची पुढची पायरी थेट १७२५. मधे २६०० किंवा २२०० अशी पायरीच नाही. दोन वेगांच्या पंपात एकाच मोटरीत अशी वेटोळी गुंडाळलेली असतात, की कळ फिरवली की दोनाचे चार ध्रुव व्हावेत. रॉबर्ट डालँडर या स्वीडिश अभियंत्यानं एकाच वेटोळ्याची जोडणी बदलून ध्रुवांची संख्या दुप्पट करण्याची युक्ती १८९७ च्या सुमाराला काढली होती. म्हणजे पूलचा खालचा वेग वरच्याच्या बरोबर निम्मा असतो तो कुणी पाण्याचा विचार करून ठरवलेला नाही. तो चुंबकांच्या मोजणीतून आलेला आहे. पाण्याच्या घनाच्या नियमाशी त्याची गाठ पडली आणि चांगली पडली, एवढंच.

हवा तो वेग देणारा पंप ही मोजणीच ओलांडतो. त्याच्या डोक्यावरच्या डब्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. घरातून आलेली वीज ते आधी एकदिश करतं आणि मग अतिशय जलद उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरांनी तिचे तुकडे करून हव्या त्या वारंवारतेची नवी वीज घडवतं. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या घरात येणारी वीज सिंगल फेज असते, पण पंपाच्या डब्यात थ्री फेज जन्माला येते. मुंबईत नव्या धाटणीची लोकल स्टेशनातून सुटताना जो चढत जाणारा सूर ऐकू येतो, तो याच जातीच्या तंत्राचा. हा डबा अनेक पंपांना ४५० पासून ३४५० पर्यंत कुठलाही वेग देऊ शकतो.

शिवाय या पंपांत बहुधा रोटरवर कायमचे चुंबक बसवलेले असतात. भारतात विजेची बचत करणारे बीएलडीसी पंखे आले, त्यांच्यातही हेच असतं. इंडक्शन मोटरीला रोटरमध्ये चुंबकत्व निर्माण करायलाच वीज खर्चावी लागते. दोन वेगांच्या पंपाची मोटर प्रामुख्यानं वरच्या वेगासाठी घडवलेली असल्यानं खालच्या वेगात तिची कार्यक्षमता आणखी घसरते. पाणी दोन आणे मागतं, पण ती साडेतीन आणे खाते. कायम चुंबकांची मोटर साधारण अडीच आण्यांत भागवते.

बिलाची गोष्ट

ढोबळ आकडे मांडून पाहू. पूल २०,००० गॅलनचा, म्हणजे सुमारे ७५,००० लिटरचा. पूर्ण वेगात पंप मिनिटाला ६० गॅलन फिरवतो आणि १८०० वॅट खातो, असं धरू. पूलभर पाणी एकदा फिरवायला साडेपाच तास लागतील आणि १० युनिट वीज जाईल. युनिटला ३० सेंट दर धरला तर वर्षभर रोज चालवल्यावर सुमारे ११०० डॉलर.

दोन वेगांचा पंप खालच्या वेगात ४०० वॅटवर चालला, तर तेच काम ११ तासांत, साडेचार युनिटांत. वर्षाला ४८५ डॉलरच्या आसपास. हवा तो वेग देणारा पंप त्याच १७२५ फेऱ्यांवर २८० वॅट खाईल. तीन युनिटांहून थोडं जास्त, वर्षाला ३४० डॉलर. त्याला आणखी खाली, ११५० फेऱ्यांवर नेलं, तर पाण्याची मागणी सत्ताविसावा हिस्सा होते. पण इथे सर्किटचा आणि मोटरीचा स्वतःचा खर्च वरचढ ठरायला लागतो. १२० वॅट धरले आणि पंप १६-१७ तास चालवला, तर रोज दोन युनिट, वर्षाला २२० डॉलर.

हे आकडे खाली उतरताना बघण्यासारखे आहेत. ११०० वरून ४८५ ही उडी सगळ्यात मोठी, आणि ती साध्या दोन वेगांच्या पंपानंच मिळते. ४८५ वरून ३४० किंवा २२० ही पुढची पायरी खरी असली तरी लहान. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, जिथे पूल उन्हाळ्याचे तीनेक महिनेच उघडा असतो, तिथे ४८५ वरून ३४० वर येण्याची बचत पन्नास डॉलरच्याही आत येते. ज्या घरात पूल बारा महिने चालतो आणि वीज महाग आहे, तिथे मात्र हवा तो वेग देणारा पंप त्याच्या जादा किमतीची भरपाई काही वर्षांत करतो.

पाइपाची जाडी हा याच गणिताचा एक पोटविषय आहे. तेवढंच पाणी वाहत असताना घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात कमी होतं. दीड इंचाऐवजी दोन इंची पाइप घातला, तर घर्षण जवळजवळ पावपट. पूल नव्यानं बांधणाऱ्यानं पंपाच्या आधी पाइपाचा विचार करावा तो यासाठी.

सावकाश फिरलेलं पाणी स्वच्छ होतं का?

ही शंका रास्त आहे. तिच्या उत्तरात आणखी एक आश्चर्य दडलेलं आहे. पूलभर पाणी एकदा फिरवलं म्हणजे सगळं पाणी गाळून झालं, असं वाटतं. तसं होत नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं, आणि पंप तेच मिश्रण पुन्हा ओढतो. पाणी पूर्ण मिसळतं असं धरलं, तर एका फेरीनंतर ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं. दुसरीनंतर ८६, तिसरीनंतर ९५, चौथीनंतर ९८. पूलच्या पाण्यासाठी हा हिशोब गेज आणि बिडवेल यांनी १९२६ साली मांडला. शंभर टक्के कधीच होत नाही; प्रत्येक फेरी उरलेल्यातला तेवढाच वाटा घेते.

या हिशोबात वेग कुठेच येत नाही, येते ती फक्त फेऱ्यांची संख्या. फेरी साडेपाच तासांत झाली काय आणि सोळा तासांत झाली काय, गाळलेला वाटा तोच. उलट वाळूच्या थरातून पाणी संथ गेलं की बारीक कणांना अडकायला अवधी मिळतो. क्लोरीन दिवसभर थोडं थोडं मिसळत राहतं आणि पाणी फार वेळ स्तब्ध राहत नाही. शेजाऱ्यालाही पंपाची घरघर ऐकावी लागत नाही, हा वरचा लाभ.

पण सावकाशीलाही तळ असतो. पृष्ठभागावरची पानं, धूळ आणि तेलकट थर ओढून घेणाऱ्या स्किमरला थोडी ओढ लागतेच. पाणी फारच संथ झालं की पानं त्याच्या तोंडाशी नुसती घुटमळतात. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारं यंत्र पुरेसा प्रवाह नसेल तर स्वतःहून बंद होतं. गॅसवरचा हीटर पेटत नाही. पूलच्या तळावरून फिरणारा, पाण्याच्या ओढीवर चालणारा झाडू जागचा हलत नाही. छतावर पाणी तापवणारे सौर पॅनेल असतील, तर ते भरेपर्यंत पंपाला जोर लावावाच लागतो. तिथे उंचीचा जुना हिशोब परत येतो. आणि पंपात हवा शिरली असेल, तर ती बाहेर काढायला सुरुवातीला पूर्ण वेगच हवा.

इथे दोन्ही पंपांतला खरा फरक उघड होतो. दोन वेगांच्या पंपाला स्किमरसाठी १९०० फेरे लागत असतील, तर त्याच्यापुढे एकच वाट उरते: थेट ३४५०. दोनशे फेऱ्यांची निकड भागवायला तो आठपट ताकदीच्या पायरीवर चढतो. दुसरा पंप रात्रभर ११०० वर फिरतो, सकाळी पानांसाठी तासभर २४०० वर जातो आणि परत खाली येतो.

याची दुसरी बाजूही आहे. पंपाच्या डोक्यावरचं सर्किट भर उन्हात तापतं आणि वीज कडाडली की आलेल्या धक्क्यानं जळू शकतं. ते बदलणं साधी मोटर बदलण्यापेक्षा महाग पडतं. दोन वेगांची मोटर दणकट असते, आणि कुठलाही मोटरवाला ती उघडू शकतो. मात्र तिला वेग बदलणारं टायमर हवं. नाहीतर एकदा वरच्या वेगावर टाकलेली कळ महिनोन् महिने तिथेच राहते आणि सगळं गणित पाण्यात जातं. माणसाचा हा स्वभाव ओळखूनच कॅलिफोर्नियानं वेग बदलणाऱ्या नियंत्रकानं आपोआप खालच्या वेगावर परत यायला हवं, अशी अट घातली. त्याच राज्यानं २००८ पासून एक हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठ्या पूलच्या पंपमोटरींना किमान दोन वेग सक्तीचे केले.

२०२१ च्या १९ जुलैपासून अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं देशभरासाठी वेगळाच मापदंड आणला: खर्च झालेल्या विजेमागे किती पाणी फिरलं. एकाहून अधिक वेग असलेल्या पंपात खालच्या वेगाला या मोजणीत ८० टक्के वजन आहे. जमिनीत बांधलेल्या पूलच्या मोठ्या पंपांसाठी ही रेघ इतकी वर आहे, की व्यवहारात हवा तो वेग देणारेच पंप ती गाठतात. लहान पंपांना आणि जमिनीवर उभारलेल्या पूलच्या पंपांना निकष सौम्य आहेत. या मापदंडानं तिथे दोन वेगांच्या पंपाला वाव ठेवला. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या पूलवर बऱ्याचदा थ्री फेज मोटर असते. तिथे पंप न बदलता नुसता वेगनियंत्रक बसवूनही घनाचा लाभ घेता येतो, आणि देखभाल खर्चाच्या सभेत मांडण्यासारखा तो मुद्दा आहे.

ज्याला निवड करायची आहे, त्यानं शेवटी आपल्या पूललाच विचारावं, आणि विचारण्याची रीत सोपी आहे. वेग बदलणारा पंप एखाद्या दिवसासाठी लावून बघता आला तर उत्तम. नाहीतर पूलचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडून अंदाज घ्यावा. वेग थोडा थोडा उतरवत जायचं. स्किमर ओढायचं थांबतो किंवा क्लोरीनच्या यंत्राचा प्रवाहाचा दिवा विझतो, तिथे थांबून किंचित वर यायचं. तो तुमच्या पूलचा आकडा. दोन वेगांचा पंप प्रत्येक पूलला एकच आकडा सांगतो, १७२५. तुमचा आकडा त्याच्या जवळपास किंवा थोडा खाली असेल, पूल लहान असेल आणि हंगाम छोटा, तर दोन वेगांचा पंप बारा आण्यांतला मोठा वाटा वाचवून देतो आणि त्याहून जास्त पैसे घालण्याचं कारण नाही. आकडा १२०० निघाला, किंवा १९००, किंवा दिवसातून तीनदा बदलणारा निघाला, तर ज्याला मधल्या पायऱ्या येतात तोच पंप घ्यावा. कुठलाही घेतला तरी तो चालवायचा सावकाश; १७२५ वर चालणारा साधा पंपसुद्धा ३४५० वर धावणाऱ्या महागड्या पंपाला बिलात हरवतो.